कुंदाताईंचं तिसरं रजिस्टर

कुंदाताईंकडे आलेला माणूस कशासाठी आलाय, ते त्यांना त्याच्या चपलांवरून कळतं. लग्नाचं स्थळ बघायला आलेला चपला दाराबाहेर काढतो, जोडी जुळवून. मनाच्या डॉक्टरची चौकशी करायला आलेला त्या हातात धरून आत आणतो आणि दारामागे ठेवतो. सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीत मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत आणि चारही बिऱ्हाडांना एकमेकांच्या पाहुण्यांच्या चपला ओळखू येतात.

मी माझ्या आत आणल्या, तेव्हा कुंदाताईंनी रद्दीतला एक पेपर काढून पसरला. "ठेव यावर. आणि 'मित्रासाठी आलोय' असं म्हणणार असशील तर आधी पाणी पी, पाच मिनिटं बस, मग म्हण."

मी मित्रासाठीच आलो होतो. निदान जिना चढेपर्यंत तसंच ठरलं होतं.

माझं लग्न कुंदाताईंनीच जुळवलं, २००६ साली. तेव्हा त्यांचं वधू-वर सूचक केंद्र जोरात होतं. बाहेरच्या खोलीत बाकडं, बाकड्यावर घाम पुसणारे बाप, आणि फडताळात लाल कापडी पाठीची दोन जाडजूड रजिस्टरं: एकावर 'वधू', दुसऱ्यावर 'वर'. पुढे वेबसाइटी आल्या, मग अ‍ॅप आली, मुलंमुली बोटाने माणसं सरकवायला लागली आणि बाकडं रिकामं पडलं. पण कुंदाताई हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या नव्हेत. आता त्याच फडताळात तिसरं रजिस्टर उभं आहे. त्यावर नुसतं 'मन' असं लिहिलंय.

त्याची सुरुवात एका तक्रारीने झाली. त्यांनीच जुळवलेल्या लग्नातली एक मुलगी दोन वर्षांनी दारात उभी राहिली. म्हणाली, "नवरा तुम्ही शोधून दिलात. चांगला आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण चार महिने झाले, भिंतीकडे तोंड करून पडून असतो. ऑफिस नाही, अंघोळ नाही. आता याच्यासाठी डॉक्टरही तुम्हीच शोधा." दुसऱ्या कुणी सांगितलं असतं की बाई, आमचं काम मंगलाष्टकांपर्यंत. कुंदाताईंना मात्र मुलीचं म्हणणं पटलं. "माल आपल्या दुकानातून गेलाय," त्या म्हणाल्या, "दुरुस्तीचंही आपणच बघायला हवं."

आणि त्या चौकशीला लागल्या. चौकशी हा त्यांचा हातखंडा. १९८७ साली एका 'डॉक्टर' मुलाने त्यांना शहाणं करून सोडलं होतं. मुलगा देखणा, दवाखाना मोक्यावर, पाटी पितळेची. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कळलं की पदवी पोस्टाने आली होती. ती पोस्टानेच परत पाठवता येईल का, असं मुलीच्या वडिलांनी विचारलं म्हणे. तेव्हापासून कुंदाताई 'डॉक्टर' हा शब्द ऐकला की विचारतात, "कशातले?" होमिओपॅथ, दाताचे, गुरांचे, पीएच.डी. झालेले, नाटकात काम केलेले, सगळे डॉक्टर त्यांनी वेगवेगळे करून ठेवलेत.

त्या मुलीच्या नवऱ्यासाठी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेल्या, त्यांच्या नावापुढे इतकी अक्षरं होती की पाटीला घडी घालावी लागली असती. थेरपिस्ट, हीलर, लाइफ कोच, अजून काय काय. भिंतीवर सोनेरी रिबिनीचं सर्टिफिकेट.

"किती वर्षांचा कोर्स?" कुंदाताईंनी विचारलं.

"इंटेन्सिव्ह होता."

"म्हणजे?"

"शनिवार-रविवार."

"दोन्ही दिवस?"

हे त्यांनी कुचकेपणाने विचारलं नव्हतं, असं त्या अजून शपथेवर सांगतात.

घरी येऊन त्यांनी रजिस्टर आखलं. वराच्या स्थळांना असायचे तेच रकाने: नाव, शिक्षण, नोंदणी, उत्पन्नाच्या जागी फी, अपेक्षा आणि शेवटी शेरा. रजिस्टराचे भाग तीन. पहिल्या भागात मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट: आधी एम.बी.बी.एस., वर एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. गोळ्या लिहून देणार ते हेच, आणि यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. दुसऱ्या भागात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. यांचं बहुतेक एम.फिल., दोन वर्षं रुग्णांमध्ये काढून केलेलं. यांची नोंद दिल्लीला, रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या केंद्रीय नोंदवहीत. त्या नंबराला सीआरआर नंबर म्हणतात. पूर्वी मुलाची पत्रिका मागायच्या त्याच सुरात कुंदाताई आता हा नंबर मागतात. संगणकावर नातीला बसवून नोंद खरी आहे का, ते ताडून पाहतात. १९९२ च्या कायद्यात बिननोंदणीवाल्यांना शिक्षाही लिहिली आहे, वर्षापर्यंत कैद नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. "हजार!" कुंदाताई म्हणतात. "अरे, एका बैठकीची फी त्याहून जास्त घेतात. दंड भरूनही नफ्यात."

तिसरा भाग समुपदेशकांचा, आणि तिथे त्यांची पंचाईत होते. एम.ए. करून मन लावून काम करणारी माणसं यात आहेत, आणि परवा-परवापर्यंत ब्यूटी पार्लर चालवणारीही यातच आहेत. पाटी दोघांची सारखीच. २०२१ साली कायदा झाला, यांनाही एका आयोगाच्या नोंदवहीत बसवायचं ठरलं, पण सरकारी बसवणं म्हणजे घाईने उठून बसणं नव्हे. मग इथे कुंदाताई जुन्या वळणावर जातात. ज्या स्थळाची पत्रिका नाही त्याचं घराणं बघायचं. कुठे शिकलात? कुणाच्या हाताखाली काम केलंत? अजून कुणा वरिष्ठाला आपल्या केसेस दाखवता का? या शेवटच्या प्रश्नाला जो रागावतो, त्याच्या नावावर काट. जी म्हणते, "हो, दर पंधरा दिवसांनी सुपरव्हिजन घेते," तिला बरोबरची खूण.

हे सगळं वाचून कुणाला कुंदाताई फार शास्त्रशुद्ध बाई वाटतील. त्यांनी शेऱ्याचा रकाना बघावा. 'ज्ञान दांडगं. ऐकतात कमी.' 'जिना अंधारा, बाई उजेडाच्या.' 'घड्याळ पेशंटच्या तोंडासमोर लावलंय. कळवलं. हलवलं नाही.' 'वेटिंगमध्ये मासा आहे. एकटाच. बघून मलाच वाईट वाटलं.' एका सद्गृहस्थांची पदवी, नोंदणी, अनुभव, सगळं चोख. त्यांच्या नावावर लाल रेघ होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पाटीवर 'समूपदेशन' लिहिलंय. दुसरा उकार. ज्याला स्वतःचा उकार धड लावता येत नाही तो दुसऱ्याचं मन काय सरळ करणार?" पाटी रंगवणारा वेगळा असतो, हे मी सांगून पाहिलं. "मग वाचून घ्यायला नको?" यावर मला काही बोलता आलं नाही. त्या गृहस्थांवर हा अन्याय आहे आणि तो मी इथे नोंदवून ठेवतो.

आमच्या लहानपणी पुण्यात या सगळ्या विषयाला एकच शब्द होता, येरवडा. मुंबईकडच्यांना ठाणे, कोकणात रत्नागिरी, विदर्भात नागपूर. सरकारने चार ठिकाणी मनोरुग्णालयं चालवली आणि मराठी माणसाने चारही ठिकाणी एकच विनोद चालवला. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मनाच्या आरोग्याची संस्था सुरू केली. पुण्यात त्याआधी, १९८६ पासून, व्यसनमुक्तीसाठी अवचट पतिपत्नींचं मुक्तांगण होतंच. माणसं आपल्या पायांनी तिथे जायला लागली, तेव्हा विनोदाची धार जराशी बोथट झाली. जराशीच. चपला अजून दारामागे असतात.

कुंदाताईंकडे येणाऱ्यांचे मासले म्हणजे एक वेगळं रजिस्टर होईल. नवरा येतो, म्हणतो, "हिला दाखवायचंय." चार दिवसांनी बायको येते, म्हणते, "यांना दाखवायचंय." कुंदाताई दोघांना एकच पत्ता देतात, एकाच वेळेचा. आई येते, मुलाला 'समजावणारा' हवा असतो. इंजिनिअरिंग सोडू नकोस, त्या मुलीचा नाद सोड, एवढं डॉक्टरांनी गोड शब्दांत सांगावं. "त्यांना थेरपिस्ट नको असतो," कुंदाताई म्हणतात, "त्यांना फितूर झालेला साक्षीदार हवा असतो." एक वडील आवाज खाली करून म्हणाले, "आपल्यातलाच कुणी असेल तर बरं." कुंदाताईंनी तीसेक वर्षं 'आपल्यातला' शोधून देण्यावरच संसार चालवला, हे खरं. पण इथे त्या भडकल्या. "पोराचं अपेंडिक्स काढलंत तेव्हा सर्जनचं गोत्र विचारलं होतंत?" वडील म्हणाले, तेव्हा घाई होती. "मग आता काय निवांत आहे?"

अमेरिकेहून फोन येतात. तिकडच्या पोरांना 'लायसन्स्ड' हा शब्द पाठ असतो. तिथे प्रत्येक राज्य आपापलं लायसन्स देतं, न्यू जर्सीचं कॅलिफोर्नियात चालतंच असं नाही, हे ऐकून कुंदाताईंना फार बरं वाटलं. नोंदवह्यांचा घोळ आपल्याकडेच आहे, अशी त्यांची समजूत होती. तिकडे शोधून मिळेल तो तिकडचाच घे, लायसन्सवाला घे, असं त्या सांगतात, पण मुलं मराठी बोलणारा मागतात. त्याचं त्यांना नवल वाटत नाही. "भांडायला आणि रडायला आईचीच भाषा लागते. इंग्रजीत रडायचं म्हणजे काळ सांभाळा, क्रियापद सांभाळा."

गुप्ततेच्या बाबतीत त्यांचं वागणं अजब आहे. आयुष्यभर मोडलेल्या स्थळांची नावं त्यांनी बाहेर जाऊ दिली नाहीत, आणि आजही कुणाचं नाव त्यांच्या तोंडून फुटत नाही. पण आवाज असा की, "डिप्रेशन का अँक्झायटी? आणि झोपेच्या गोळ्या मनानेच घेतोय?" हा प्रश्न तळमजल्यावरच्या गिरणीपर्यंत ऐकू जातो. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मग आपल्याकडे विचारपूस केल्यासारखा बघतो. मागे एका विमा कंपनीच्या माणसाला त्यांनी फोनवर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा वाचून दाखवला, कलम एकवीस, पोटकलम चार, शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला. समोरच्या गॅलरीतल्या आजोबांनी ऐकून टाळी वाजवली.

एका गोष्टीत त्या विनोद खपवून घेत नाहीत. रजिस्टराच्या पुठ्ठ्याच्या आत लाल शाईने मोठा आकडा लिहिलाय, १४४१६. टेलिमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कुणी केली की त्या रजिस्टर मिटतात, हा नंबर आपल्या हाताने फिरवून फोन त्याच्या कानाला लावतात, आणि घरच्यांना बोलावून माणूस ताब्यात देईपर्यंत त्याला हलू देत नाहीत. "मी स्थळं बघते," त्या म्हणतात. "घर पेटलं असेल तर आधी बंब." ज्यांना फी झेपत नाही त्यांना ससूनच्या ओपीडीचा रस्ता सांगतात, केसपेपरच्या रांगेत कुणी उभं राहायला नसेल तर स्वतः उभ्या राहतात. गुरुवार सोडून. गुरुवारी संध्याकाळी त्या दत्ताला जातात आणि तेव्हा फोनही बंद असतो.

तर मी पाणी प्यायलो, पाच मिनिटं बसलो आणि सांगितलं की मित्राला लकडी पुलावर सिग्नलला गाडी थांबली की छातीत धडधडतं, हात गार पडतात, आता मरणार असं वाटतं. ईसीजी काढला, नॉर्मल. टू-डी इको काढला, नॉर्मल. हृदयाच्या डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका' असं सांगितलं आणि ते सांगण्याचे बाराशे रुपये घेतले.

कुंदाताई उठल्या. चहाचं आधण ठेवलं, तीन कप काढले, एक परत फळीवर ठेवला. हे त्या नेहमीच करतात. काका गेले त्यालाही आता चार वर्षं होतील. मग फडताळातून 'वर' लिहिलेलं रजिस्टर ओढलं, २००६ चं पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. माझा फोटो होता, केसांसकट. खाली, स्वभाव: शांत, मनमिळाऊ.

"हे कुणी लिहिलं होतं?"

"आईने."

"तेच म्हटलं. तू काय लिहिलं असतंस?"

मी चहा प्यायलो. चहा चांगला होता, त्याबद्दल बोललो. कुंदाताईंनी ते मध्येच तोडलं आणि मला कोरा फॉर्म दिला. फॉर्म जुनाच, लग्नाचा. 'उंची' आणि 'गोत्र' तेवढं खोडलेलं. अपेक्षांच्या रकान्यात मला काही सुचेना. सवयीने मी 'अनुरूप' असं लिहिलं.

"सगळे हेच लिहितात," त्या म्हणाल्या. "बाई चालेल का पुरुष? लिफ्ट हवी? शनिवार? ओळखीचं कुणी दिसणार नाही असा भाग हवा? कोथरूड नको मग. कोथरूडला तुझे सगळेच आहेत."

मग सूचना. पहिली भेट म्हणजे कांदेपोहे. पहिल्याच भेटीत होकार द्यायचा नाही, नकारही नाही. तीन भेटी जाऊ दे. काय करणार, किती दिवस लागतील, गोळ्या लागल्या तर कुणाकडे पाठवणार, हे विचारायचं. विचारलेलं आवडलं नाही असं दिसलं तर उठायचं. नाही जमलं तर तसं तोंडावर सांगायचं. मागे एकाने चांगल्या बाईंना 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप पाठवला, तसलं करायचं नाही. त्यांना नकाराची सवय असते, आपल्यालाच नसते. आणि बायकोला सांगितलंयस का? नाही? मग आज सांग. मी शोधून दिलेली आहे ती, ऐकेल.

त्यांची फोन करून परीक्षा घ्यायची पद्धत मला ठाऊक होती. नव्या माणसाचं नाव कळलं की त्या स्वतःच फोन लावतात आणि सरबत्ती करतात. बैठक किती मिनिटांची? आधीचा पेशंट लांबला तर माझी मिनिटं कापता का? माझं बोलणं कुणाला सांगता? कधी सांगता? बहुतेक जण गडबडतात, काही चिडतात. "एकीने तर कहरच केला," मागे एकदा त्या म्हणाल्या होत्या. "सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि मग मलाच विचारते, 'आणि तुम्ही कशा आहात?' आगाऊ! मी फोन ठेवला."

त्यांनी 'मन' उघडलं, दुसऱ्या भागातली पानं उलटली आणि एका नावावर बोट ठेवलं. एम.फिल., सीआरआर नंबर, टिळक रोडच्या मागच्या बाजूला, पहिला मजला, लिफ्ट नाही. फी आकड्यात आणि अक्षरात. शेऱ्याचा रकाना कोरा होता. आख्ख्या रजिस्टरात एवढाच.

"इथे काही लिहिलं नाहीत?"

"राहिलं असेल."

"कशा आहेत पण?"

"चांगल्या आहेत." एरवी पडद्यांच्या रंगावर अर्धं पान लिहिणाऱ्या बाई एवढंच म्हणाल्या आणि नंबर कागदावर उतरवायला लागल्या. अक्षर नेहमीसारखं टपोरं. कागद माझ्या हातात देताना थांबल्या.

"वेळ कुठलीही माग. फक्त गुरुवारी पाचची मागू नकोस."

"का?"

"ती गेलेली आहे."

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. दारामागच्या चपला उचलल्या आणि तिथेच पाय घालायला लागलो, तशा त्या ओरडल्या. आवाज नक्कीच गिरणीपर्यंत गेला असणार.

"आत नको रे, माती सांडते. बाहेर जाऊन घाल."